गुरूचे नाव: हो

भागवत टेमकांना नगरला मानपत्र मिळणार ही बातमी सगळ्या नेवाशाला कळली, आणि सगळ्यात शेवटी भागवत टेमकांना कळली. सायलीनं ती सकाळीच व्यायामशाळेच्या ग्रुपवर टाकली होती. पण गुरुजींचा मोबाईल असायचा घरी, बायकोच्या मसाल्याच्या डब्याशेजारी, आणि गुरुजी असायचे प्रवरेच्या काठी, पत्र्याच्या शेडात, पोरांना उभं राहायला शिकवत. शेवटी दाढी करायला गेले तेव्हा न्हाव्यानं गालाला साबण लावता लावता अभिनंदन केलं.

"कशाचं रे?"

"आता घ्या! चिनी कुस्तीचं बक्षीस लागलंय न्हवं तुमाला?"

"ती कुस्ती न्हाई," गुरुजी साबणातूनच म्हणाले. हे वाक्य ते तीस वर्षं म्हणत आले होते.

गुरुजी चौसष्ट वर्षांचे. साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. नोकरीत असतानाही पहाटेचा वर्ग त्यांनी चुकवला नव्हता. आणि सायली म्हणजे अजूनही येणाऱ्यांतली त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. नऊ वर्षांची असताना आली होती, आता चोवीस वर्षांची होऊन नेवाशातल्याच एका शाळेत खेळ शिकवत होती. तिनंच गुरुजींना न विचारता त्यांचं नाव कळवलं होतं. पारंपरिक चिनी युद्धकलांसाठी ज्यांनी आयुष्य घातलं अशा माणसांचा गौरव एक मंडळ दरवर्षी करायचं, आणि यंदाचा कार्यक्रम अहिल्यानगरला होता.

संध्याकाळी ती घरी आली, ओट्यावर मांडी घालून बसली आणि मंडळानं मानपत्रासाठी मागवलेली माहिती मोबाईलवरच्या अर्जात भरू लागली. नाव झालं, वय झालं, किती वर्षं शिकवता ते झालं.

"गुरूचे नाव," सायलीनं वाचलं. "मी लिहिते, सर. हो..."

"थांब," गुरुजी म्हणाले. "ते राहू दे. उद्या बघू."

"सर, उद्या शेवटची तारीख आहे."

"मग उद्याच बघू."

सायलीनं मोबाईल बंद केला. आत भाकरी थापणाऱ्या गुरुजींच्या बायकोचा, रंगुबाईंचा, हात क्षणभर परातीत थांबला आणि पुन्हा चालू झाला.

गुरूचं नाव गुरुजी विसरतील हे शक्यच नव्हतं. विसाव्या वर्षी भागवत टेमक हा नगरच्या एका तालमीत राहणारा पैलवान होता. एका जत्रेच्या फडात त्याचा गुडघा फिरला, आणि कुस्ती संपली हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना समजलं. त्याच आठवड्यात दाढ दुखायला लागली. दाळमंडईजवळच्या बोळात एक चिनी दातवाला होता, त्याला लोक होडॉक्टर म्हणायचे. भागवत लंगडत जिना चढला, खुर्चीत बसला आणि त्यानं आ केला. होडॉक्टरांनी आधी तोंडात पाहिलं, मग खाली वाकून गुडघ्याकडे पाहिलं.

"दात आज काढते," ते म्हणाले. मराठी त्यांना छान यायचं, फक्त स्वतःला ते बाईसारखं बोलायचे. "गुडघा उद्या. सकाळी पाच वाजता ये. गच्चीवर."

गच्चीवर त्यांनी भागवतला तीन महिने नुसतं उभं केलं. पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं. पहिल्या दिवशी पैलवान दीड मिनिटात थरथरला. डॉक्टर पलीकडे वांग्यांच्या कुंड्यांना पाणी घालत होते, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तीन महिन्यांनी गुडघा भार घ्यायला लागला. त्यानंतर हात आले, पावलं आली, काठी आली, म्हशीनं पाण्यात उतरावं तसे संथ चालणारे लांबच लांब प्रकार आले. अकरा वर्षं. पुढे कारखान्यात लागल्यावर सुट्टीच्या आदल्या रात्री नेवाशाहून शेवटच्या एसटीनं यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत फिरायचं. डॉक्टरांनी कधी पैसे घेतले नाहीत की कधी 'शाब्बास' म्हटलं नाही. फक्त शेवटच्या आजारपणात म्हणाले, "भागोत, तिकडे नदीवर मोकळी जागा आहे ना? पोरं गोळा कर."

त्यानं पोरं गोळा केली. शेडवर पाटी लावली: 'हो गुरुजी व्यायामशाळा'. लोक हसायचे. 'हो गुरुजी' म्हणजे गुरुजी म्हणतील त्याला हो म्हणायचं, अशी शाळा! भागवतही हसायचा.

पण पाच वर्षांपूर्वी सरहद्दीवर चिनी सैन्याशी झटापट झाली, जवान गेले, गावोगाव चिनी मालाच्या होळ्या पेटल्या, तेव्हा त्या पाटीकडे पाहून चहाच्या टपरीवर कुणीतरी एक वाक्य बोललं. धमकी नव्हती, जेमतेम चेष्टा होती. "गुरुजी, तुमचा हो आता न्हाई करा." सगळे हसले. गुरुजी त्या दिवशी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑइलपेंटचा डबा आणला आणि स्वतःच्या हातानं 'हो गुरुजी' या अक्षरांवर ब्रश फिरवला. रंग वाळल्यावर 'भागवत व्यायामशाळा' असं लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. याचंच त्यांना जास्त लागायचं. कुणी दगड मारला असता तर निदान दगडाचं नाव घेता आलं असतं.

डॉक्टरांची मुलगी पुण्याला होती. मेईलान तिचं नाव, दाळमंडईनं तिला मीना करून टाकलं होतं. गुरुजींपेक्षा तीन वर्षांनी मोठी. दर दिवाळीला तिला त्यांचा फोन जायचा. पाटीला रंग दिल्यापासून तो बंद झाला. तिकडून फोन आला तर गुरुजी हातानं खूण करायचे आणि रंगुबाई बोलायच्या, "ते नदीवर गेलेत हो, ताई." पाच वर्षं ते नदीवरच होते.

त्या रात्री ताट वाढताना रंगुबाई म्हणाल्या, "अर्जात नाव लिहायला सांगा पोरीला. आन तुमी जाऊन या पुण्याला."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"हाय ते घेऊन जा. दुसरं कुठून आनायचं?"

गुरुजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "तू सांगितलंयस का तिला, पाटीचं?"

"मी कशाला सांगू? पाटी मी रंगवली का?"

सकाळी सायलीला फोन गेला. गुरूचे नाव: हो. तिनं लगेच भरून पाठवलं. आणि चार दिवसांनी गुरुजी एसटीत बसले. मांडीवर पिशवी होती, पिशवीत कोवळा हुरडा आणि लसणाची चटणी. मीनाताईला हुरडा जीव की प्राण, हे रंगुबाई विसरल्या नव्हत्या.

दार मीनाताईनंच उघडलं. केस पांढरे झाले होते, पाठीला जरा पोक आला होता. तोंडवळा हुबेहूब डॉक्टरांचा, आणि बोली हुबेहूब दाळमंडईची.

"आली का स्वारी नदीवरून?" ती म्हणाली. "किती पाणी होतं म्हणायचं, पाच वर्षं बाहेर निघता आलं नाही ते?"

गुरुजी चपला काढायचंही विसरले. उंबऱ्यात उभं राहूनच त्यांनी सगळं सांगून टाकलं. टपरी, ब्रश, ऑइलपेंट. "ताई, कुनी जबरदस्ती केली न्हवती. मीच भ्यालो. डॉक्टरांचं नाव मी माज्या हातानं पुसलं." मग पिशवी पुढे केली. "हा हुरडा."

मीनाताईनं पिशवी घेतली, आत डोकावली, वास घेतला. "आत या आधी. भागवत, आमच्या दवाखान्याची पहिली पाटी काय होती, माहीत आहे?"

"'डॉ. हो'. दुसरं काय?"

"ती नंतरची. तुम्ही यायच्या कितीतरी आधीची गोष्ट सांगते. आम्ही राजस्थानातल्या छावणीतून सुटून आलो होतो. बासष्टच्या लढाईनंतर आसामातल्या आमच्यासारख्या किती घरांना उचलून तिथं ठेवलं होतं. मी चार वर्षांची गेले आणि सात वर्षांची बाहेर आले. नगरला आलो तेव्हा बाबांना वाटलं, चिनी नाव वाचून कोण तोंड उघडणार? म्हणून त्यांनी पाटीवर लिहून घेतलं, 'डॉ. होले'."

"होले?"

"होले! दोन वर्षं! माळीवाड्यातले होले यायचे, आपल्या भावकीतला डॉक्टर म्हणून. जिना चढून वर यायचे आणि बाबांना बघून म्हणायचे, 'डॉक्टर कुठं गेले?' बाबा म्हणायचे, 'मीच होले.'"

गुरुजींना हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते कशाचं हे त्यांनाही कळलं नाही.

"मग बदलली कशी?" त्यांनी विचारलं.

"होल्यांनीच बदलायला लावली. एक म्हातारे होले होते, त्यांची कवळी बाबांनी केली होती. ते म्हणाले, डॉक्टर, आमचं नाव लावता त्याचं काही नाही, पण कवळी चांगली बसली ती तुमच्या नावावर जाऊ द्या." मीनाताई हुरडा ताटलीत ओतू लागली. "भिण्याचं सोडा. भीती आमच्या घरात पहिल्यापासून भाडं न देता राहिलेली आहे. पण फोन का बंद केला? त्याचा राग आहे मला. पाटीचा नाही."

गुरुजींनी मान खाली घातली. मीनाताई चटणीची पुडी सोडून म्हणाली, "खा आता."

निघताना त्यांनी विनवलं, मानपत्र तुम्ही घ्या. तिनं साफ नकार दिला. पण कार्यक्रमाला येईन म्हणाली.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी गुरुजी रॉकेल आणि पॉलिशपेपर घेऊन शिडीवर चढले. वरचा रंग निघता निघता खालचाही निघायला लागला, तेव्हा सायलीनं त्यांना खाली उतरवलं आणि पेंटरकडून 'हो गुरुजी'ची नवी पाटी करून आणली. टपरीवरच्यांनी ती वाचली. एकानं फक्त विचारलं, "गुरुजी, चहा टाकू का?"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच सगळे टेम्पोनं नगरला पोचले. गुरुजी, सायली आणि बारा पोरंपोरी. सत्काराआधी प्रत्येक गुरूच्या विद्यार्थ्यांनी थोडं करून दाखवायचं होतं, म्हणून सभागृहात रंगीत तालीम चालली होती. मंडळाचे चिटणीस तुषार नावाचे एक तरुण होते, अतिशय नम्र. नेवाशाच्या पोरांनी सुरुवातीचा नमस्कार केला. उजव्या हाताची मूठ, तिच्यावर डावा तळवा, दोन्ही हात छातीपुढे. तुषार जरा पुढे आले, एका पोरीचा हात पाहिला, दुसरीचा पाहिला, मग अख्खी रांग पाहिली.

"सर," ते गुरुजींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गैरसमज करून घेऊ नका. डावा अंगठा आत मिटायचा असतो. ताठ अंगठा म्हणजे 'मीच मोठा' असं होतं. मिटला की नम्रता. तुमच्या सगळ्यांचाच बाहेर आहे."

गुरुजींचा चेहरा उतरला. "आमाला असंच शिकवलंय," ते म्हणाले. "अकरा वर्षं बघत होतो. डॉक्टरांचा अंगठा ताठच असायचा."

"दुसरी एखादी शाखा असेल, सर. समोर बसणारे जाणकार विचारतील म्हणून म्हटलं."

गुरुजी खुर्चीवर बसले. तीस वर्षांत हाताखालून गेलेली शेकडो पोरं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, कुणी पोलिसात, कुणी सैन्यात, कुणी ऊसतोडीला, आणि प्रत्येकाचा डावा अंगठा बाहेर. पैलवान माणूस, आपणच कुठंतरी चुकीचं पाहिलं असणार. त्यांनी स्वतःचा अंगठा मिटून पाहिला. तो मिटत होता, पण हात परका वाटत होता.

एवढ्यात मीनाताई आली. दारातच थांबली. स्टेजवर सायली पोरांना पुन्हा एकदा नमस्कार करायला लावत होती. बारा तळवे वर आले, बारा अंगठे उभे. मीनाताईनं तोंडावर हात धरला. गुरुजींना वाटलं, ती हसतेय.

"ताई, चुकलं का हो आमचं?" ते उठून जवळ गेले. "हे म्हनतात अंगठा मिटायचा असतो."

"मिटायचाच असतो."

"मग डॉक्टर का न्हवते मिटत?"

"त्यांचा मिटतच नव्हता, भागवत." ती शेजारच्या खुर्चीवर टेकली. "छावणीतून सुटलो त्या गाडीत मी दाराशी उभी होते. वाऱ्यानं दार आपटलं. माझा हात चौकटीत होता, बाबांनी आपला हात मधे घातला. माझी बोटं वाचली. त्यांचा डावा अंगठा चेचला तो पुन्हा सांध्यात वाकला नाही." तिनं स्टेजकडे बोट केलं. "आणि तुम्ही तो जशाच्या तसा उचललात. बाबांना जाऊन तीस वर्षं झाली. आज बारा पोरांच्या हातांवर बघितला मी तो."

तुषार शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"मी त्यांना कधी विचारलं न्हाई," गुरुजी म्हणाले. "गुरूला काय विचारायचं, असं वाटायचं."

"विचारलं असतं तर सांगितलंही नसतं." मीनाताईनं डोळे पुसले आणि आवाज एकदम दाळमंडईचा केला. "सायली! इकडं ये बाळ. पोरांना अंगठा मिटायला शिकव. बरोबर तेच करायचं. पण या तुमच्या सरांना काही शिकवू नकोस. यांचा तसाच राहू दे."

तासाभरात काय शिकून होणार? कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बारांपैकी सात अंगठे आत होते आणि पाच बाहेर. एक लहान पोरगी मिटावा की नको या गोंधळात अंगठा आतबाहेर करत राहिली. समोरच्या जाणकारांनी काही विचारलं नाही. तुषार आधीच त्यांच्या कानात काहीतरी सांगून आले होते.

नाव पुकारल्यावर गुरुजी स्टेजवर गेले. शाल अंगावर आली, मानपत्र हातात आलं, पुढे माईक आला. भाषण सायलीनं लिहून दिलं होतं, ते खिशातच राहिलं.

"माजे गुरू दातांचे डॉक्टर हुते," ते म्हणाले. "त्यांचं नाव हो. पाच वर्षं मी त्यांचं नाव पाटीवरून काढून ठेवलं हुतं. भ्यालो हुतो. आता परत लावलंय. त्यांची मुलगी इथं बसलीय. टाळ्या वाजवायच्या तर तिकडं तोंड करून वाजवा."

मग पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून मागं वळले, आणि सगळं सभागृह वळलं. मीनाताई इतकी गोंधळली की तीही टाळ्या वाजवू लागली.

मुक्कामाला ती नेवाशाला आली. रंगुबाईंनी वांग्याचं भरीत केलं होतं, त्या दोघी ओसरीवर बसून गुरुजींच्या तक्रारी एकमेकींना सांगत राहिल्या आणि गुरुजी ऐकू न आल्यासारखं करत राहिले.

सकाळी ती त्यांच्याबरोबर नदीवर आली. धुकं पाण्यावर टेकलं होतं. पोरं रांगेत उभी राहिली. मीनाताई शेडाच्या कडेला जरा वेळ बघत राहिली, मग तिनं शाल सोडून खुंटीला अडकवली.

"भागवत, एक विचारू का?" ती म्हणाली. "बाबांनी मला हे कधीच शिकवलं नाही. मुलगी ना मी. तुम्ही गच्चीवर असायचात तेव्हा मी जिन्यात बसून बघायचे. पहाटे पाचला उठून. तुम्हाला कधी दिसले नाही मी."

अकरा वर्षं ज्या जिन्यानं गुरुजी चढत उतरत होते, त्या जिन्यात एक बाई अंधारात बसलेली असायची, आणि त्यांना ते आज कळत होतं. जे तिचं होतं ते त्यांच्या पदरात पडलं होतं, आणि तिनं त्याबद्दल एका शब्दानं कधी हिशेब मागितला नव्हता.

"सदुसष्टाव्या वर्षी जमतं का?" तिनं विचारलं.

"जमतं," गुरुजी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "जमतं, ताई. या. पहिल्या रांगेत या."

पोरांनी सरकून जागा केली. सायलीनं तिच्या कोपराला हात दिला. मीनाताईनं पाय फाकवले, गुडघे जरा वाकवले, आणि समोर नदीकडे बघत उभी राहिली. तिचे पाय थरथरायला लागले तसं शेजारची लहान पोरगी तिच्याकडे बघून कुजबुजली, "आजी, श्वास घ्या. मग कमी थरथरतं."

मीनाताईनं श्वास घेतला.